लाल विंचू चावलेल्या मुलाची रात्र: गार पाय, ओला घाम आणि प्राझोसिन

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, महाड तालुक्यातलं एक गाव, भातकापणीचे दिवस. रात्री आठच्या सुमाराला पडवीत रचलेल्या पेंढ्यात गेलेला चेंडू काढताना सात वर्षांच्या मुलाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला विंचू चावतो. मुलाचं वजन २० किलो, आधीचा कसलाही आजार नाही. हा एका ठरावीक मुलाचा केसपेपर नाही. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत जे चित्र पुन्हा पुन्हा दिसतं, त्यावरून हे प्रकरण बेतलं आहे आणि आकडेही त्या चित्राला धरून घेतले आहेत. ते इतक्या बारकाईने मांडण्याचं कारण असं की विंचवाच्या विषाने होणारं नुकसान बहुतांशी शरीर स्वतःच करतं. रक्तदाब, घाम, साखर, नाडी सांभाळणाऱ्या ज्या यंत्रणा एरवी आपल्याला जगवतात, त्याच इथे हाताबाहेर जातात. उपचाराचं सगळं गणित त्यावर बसलेलं आहे.

पहिला तास

घरच्यांनी विंचू मारून डबीत घेतला. तांबूस रंगाचा, सहा-सात सेंटिमीटर लांब, पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड. हा लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या पुस्तकांत तो ब्यूथस किंवा मेसोब्यूथस टॅम्युलस म्हणून सापडतो. मोठ्या काळ्या विंचवाचं उलटं असतं: चिमटे भक्कम, शेपूट त्या मानाने बारीक. त्याच्या डंखाने माणूस कळवळतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. विंचू हाती लागला तर ओळख पटायला मदत होते, मात्र तो शोधण्यात वेळ घालवू नये. निदान रुग्णाच्या अंगावर लिहिलेलं असतं.

चावल्यावर पाच-दहा मिनिटांत मुलाला दोन उलट्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली, सदरा घामाने चिंब झाला. अंगठ्याला कांदा चोळण्यात आणि कुणाला तरी बोलावून मंत्र घालण्यात पाऊण तास गेला. नऊ वाजून पाच मिनिटांनी मूल आरोग्य केंद्रात पोहोचलं, तेव्हाची तपासणी अशी: मूल शुद्धीवर, पण बेचैन. अंगभर घाम. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार. नाडी मिनिटाला १४८. लहान मुलांच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब १४६/१००. या वयाला तो १००/६० च्या आसपास असायला हवा. (मोठ्यांचा पट्टा वापरला तर आकडा खोटा कमी येतो आणि धोका झाकला जातो.) श्वास मिनिटाला ३२, छाती स्वच्छ, ऑक्सिजन ९७ टक्के. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या. शिश्न ताठ. बोटातून घेतलेल्या रक्तातली साखर १९० मिलिग्रॅम.

अंगठ्याला सूज जवळजवळ नाही. चावल्या जागी बोटाने हलकेच टिचकी मारली की मूल पाय झटकन मागे घेतं. ही साधी खूण आहे, पण ती विंचवाच्या बाजूने मोठी साक्ष देते. काय चावलं हे कुणीच पाहिलेलं नसतं तेव्हा तर फारच उपयोगी पडते.

आई म्हणत होती, "डॉक्टर, आता दुखायचं कमी झालंय त्याचं, घरी नेऊ का?" हा प्रश्न हमखास येतो आणि इथेच घात होतो. वेदना जास्त म्हणजे विष जास्त, असं समीकरण नाही. नुसताच अंगठा ठणकतोय, बाकी घाम नाही, उलटी नाही, हातपाय गरम, असा रुग्ण बहुधा सुखरूप असतो. ज्याचं दुखणं कमी पण पाय गार, त्याची काळजी वाहायची.

एकाच वेळी घाम आणि गारठा

या मुलाच्या अंगावरची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ओली आणि तरीही गार कातडी. शरीर तापलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस दोन आज्ञा देतो: घाम काढा आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल सोडा. म्हणजे उन्हातून आलेला माणूस घामेजलेला असतो, पण त्याची कातडी गरम आणि लालसर असते. थंडीत याच्या उलट घडतं. कातडीच्या वाहिन्या आकसतात, घाम बंद होतो, हात गार पण कोरडे राहतात. नुसतं तापमान सांभाळायचं असेल तर घाम काढणं आणि वाहिन्या आवळणं या आज्ञा एकत्र निघत नाहीत. त्या एकत्र दिसल्या की समजावं, अनुकंपी चेतासंस्था (संकटात शरीराला 'लढा किंवा पळा' म्हणून सज्ज करणारी) सरसकट पेटली आहे. घामाच्या ग्रंथी आणि कातडीच्या रक्तवाहिन्या या दोन्हींना तिचेच तंतू जातात, फक्त घामग्रंथींपाशी ते ॲसिटिलकोलीन हे रसायन सोडतात आणि वाहिन्यांपाशी नॉरॲड्रेनॅलिन. भीतीने, हृदयविकाराच्या झटक्याने किंवा साखर एकदम उतरल्यावर सुटणारा थंड घामही याच जातीचा. लाल विंचवात तो तासन्‌तास टिकतो.

हे पेटवतं कोण? चेतातंतूतून संदेश जातो तेव्हा सोडियमची दारं क्षणभर उघडतात आणि हजारांश सेकंदाच्या हिशोबात आपोआप मिटतात. विषातले एक प्रकारचे पदार्थ ही दारं मिटू देत नाहीत. दुसरे काही पदार्थ पोटॅशियमची दारं अडवतात, ज्यांच्यामुळे तंतू एरवी पूर्वपदावर येतो. आयबेरिओटॉक्सिन हा जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा पोटॅशियम-रोधक याच विंचवाच्या विषातून वेगळा केलेला आहे. परिणामी तंतू एकदा उद्दीपित झाला की थांबतच नाही आणि त्याच्या टोकांतून रासायनिक संदेशवाहक ओतले जातात.

सुरुवातीला परानुकंपी बाजूची (अनुकंपीच्या जोडीची, शरीराला एरवी शांत ठेवणारी) चिन्हं जास्त दिसतात: उलटी, लाळ, कधी मंद नाडी, ताठ शिश्न. त्यांतली बहुतेक फार टिकत नाहीत. ॲसिटिलकोलीन स्रवल्या जागीच झपाट्याने तुटतं. मग अनुकंपी बाजू वर येते. तंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात येत राहतं आणि अंगभर फिरतं. नऊ वाजता मूल याच टप्प्यावर होतं.

रक्तदाब १४६ वर गेला असताना शरीराचा स्वतःचा लगाम कुठे गेला, हे इथे समजून घ्यायला हवं. दाब वाढला की गळ्यातल्या कॅरोटिड धमनीच्या आणि महाधमनीच्या कमानीच्या भिंती ताणल्या जातात. तिथले ताण ओळखणारे ग्राही मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला खबर देतात. लंबमज्जा अनुकंपी तंतूंना गप्प करते, व्हेगस चेतेमार्फत हृदय सावकाश करते आणि काही ठोक्यांत दाब खाली येतो. उठता-बसता आपल्याला भोवळ येत नाही ती याच यंत्रणेमुळे. या मुलाच्या अंगातही हे ग्राही शाबूत होते, खबर वर पोहोचतही होती. पण वाहिन्या आवळण्याची आज्ञा मेंदूतून निघालेलीच नव्हती, ती तंतूंच्या टोकांशीच परस्पर निर्माण होत होती. वरून कितीही 'थांबा' म्हटलं तरी खाली ऐकणारं कुणी उरत नाही. म्हणून मेंदूच्या पातळीवर काम करणारी शामक औषधं देऊन हे वादळ शमत नाही. एके काळी पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचं मिश्रण देण्याची पद्धत होती. त्याने रुग्ण गुंगीत जाई, वादळ तसंच चालू राही आणि श्वास मंदावण्याची नवी भीती उभी राही.

हृदयावर काय गुदरतं

आवळलेल्या वाहिन्यांच्या विरोधात डाव्या जवनिकेला (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला) रक्त ढकलावं लागतं. त्याच वेळी ॲड्रेनॅलिन तिला आणखी जोरात, आणखी वेगाने पळवतं. तिची ऑक्सिजनची गरज वाढते आणि मिनिटाला १४८ ठोक्यांच्या घाईत तिचं स्वतःचं रक्त भरून घेण्याचा अवधी कमी होतो. भरीला चयापचय बिघडतो. यकृतातून साखर सुटते, चरबी वितळून मेदाम्लं रक्तात येतात आणि स्वादुपिंडातलं इन्सुलिन अनुकंपी दाबाखाली थिजतं. मुलाची साखर १९० कशी, याचं उत्तर हेच. तो मधुमेह नव्हे. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी याच धाग्यावर बरीच वर्षं काम केलं आणि इन्सुलिन-ग्लुकोजचा उपचार मांडला. तो सर्वत्र रुळला नाही, कारण इन्सुलिनचं ठिबक तालुक्याच्या पातळीवर सांभाळणं अवघड. पण इन्सुलिनअभावी हृदयाच्या स्नायूला साखर वापरता येत नाही आणि मेदाम्लांचा मारा त्याला सोसत नाही, हा मुद्दा पक्का आहे.

हे असंच चालू राहिलं तर डावी जवनिका थकते. मागे तुंबलेलं रक्त फुप्फुसात दाब वाढवतं, वायुकोशांत पाणी उतरतं. खोकला, धाप, मग गुलाबी फेस. या मुलाची छाती नऊ वाजता स्वच्छ होती, एवढीच काय ती जमेची बाजू.

इथे एक वर्गवारी कामाला येते. फक्त डंखाच्या जागचं दुखणं ही पहिली पायरी. घाम, उलटी, लाळ, ताठरलेलं शिश्न, गार हातपाय, वाढलेला रक्तदाब ही दुसरी. फुप्फुसात पाणी ही तिसरी. चौथीत रक्तदाब कोसळतो आणि हातपाय उलट गरम लागतात. गरम पाय पाहून तिथे फसायला होतं, म्हणून पायाला हात लावताना नाडी आणि रक्तदाब सोबत पाहायचे. आपलं मूल दुसऱ्या पायरीवर होतं. तिसरीवर जाऊ न देणं, हेच रात्रीचं काम.

सव्वानऊ

औषध एकच, प्राझोसिन. रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचे, नॉरॲड्रेनॅलिनचा संदेश पकडणारे अल्फा-१ ग्राही ते अडवतं. विष तंतूंना चेतवत राहिलं, नॉरॲड्रेनॅलिन ओतलं जात राहिलं, तरी वाहिनीला ते ऐकू येत नाही आणि ती सैल पडते. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. २० किलोला ६०० मायक्रोग्रॅम. आरोग्य केंद्रात १ मिलिग्रॅमची गोळी असते. ती कुस्करून १० मिलिलीटर पाण्यात नीट ढवळायची आणि सिरिंजने ६ मिलिलीटर पाजायचं. खाली बसलेला चुरा पुन्हा ढवळून मगच ओढायचा, नाहीतर मात्रा कमी पडते. मोठ्या माणसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम. गोळी साधी हवी. रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांसाठी मिळणारी, हळूहळू विरघळणारी गोळी इथे चालत नाही: अख्खी दिली तर परिणामाला उशीर होतो आणि कुस्करली तर एकदम किती औषध सुटेल याचा भरवसा नाही. दुकानातून घाईत आणलेल्या पाकिटावर हे वाचायचं राहून जातं.

औषध उलटीतून बाहेर पडलेलं दिसलं तर मात्रा पुन्हा द्यावी लागते. उलट्या थांबतच नसतील तर आधी त्यांचं औषध.

प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, कारण उभं राहताना पायाच्या वाहिन्या आवळण्याचं जे काम शरीर करतं, तेच आपण बंद केलेलं असतं. मुलांच्या बाबतीत ही गोष्ट आईच्या हातात असते. मूल रडलं की ती त्याला उचलून खांद्यावर घेणार. म्हणून सिस्टरांनी तिला आधीच बजावलं: "ताई, तीन तास त्याला उचलायचं नाही, बसवायचंही नाही. लघवी आली तर आडवं ठेवूनच भांडं लावू." खाटेशी बसून राहायला आणि झोपल्या झोपल्याच चमच्याने जलसंजीवनी पाजायला सांगितलं, थोडी थोडी, मान एका कुशीला वळवून.

ती जलसंजीवनी दुय्यम नाही. घाम, लाळ आणि उलट्यांतून मुलाच्या अंगातलं बरंच पाणी गेलेलं असतं. वाहिन्या आवळलेल्या असेपर्यंत ही तूट झाकली जाते. प्राझोसिनने त्या सैल झाल्या की ती उघडी पडते आणि रक्तदाब उतरतो, तेव्हा दोष औषधाला दिला जातो. उलट टोकाची चूक म्हणजे दाखल केल्याबरोबर सलाईनची बाटली भरभर सोडणं. थकायला लागलेल्या डाव्या जवनिकेवर तो जादा भार थेट फुप्फुसात उतरतो. तोंडाने, घोट घोट, हे दोन्हींच्या मधलं.

साडेनऊला प्रतिविष सुरू केलं: कुपीसोबतच्या सूचनेप्रमाणे सलाईनमध्ये मिसळून, शिरेतून सावकाश, शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवून. प्रतिविष रक्तात फिरणारं विष बांधून टाकतं, प्राझोसिन आधीच झालेल्या परिणामाशी झुंजतं. दोघांची कामं वेगळी. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दुसऱ्या पायरीवरच्या ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. जगण्या-मरण्याचा फरक प्राझोसिनने आधीच पाडला होता, प्रतिविषाने सावरण्याचा वेळ कमी केला. म्हणून प्रतिविष उपलब्ध नाही म्हणून थांबून राहणं किंवा त्यासाठी मुलाला प्राझोसिनशिवाय शंभर किलोमीटर पाठवणं, दोन्ही चूक.

बावस्करांनी प्राझोसिनचा अनुभव १९८६ साली लॅन्सेटमध्ये मांडला. त्याआधी गंभीर रुग्णांतले शंभरात तीसच्या आसपास दगावत. औषध रुळल्यावर हा आकडा चारच्या खाली आला. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी, रुग्णाच्या खाटेशी बसून, रक्तदाबाच्या एका साध्या गोळीने हे घडलं, याचा अभिमान कोकणाला वाटतो तो रास्तच आहे.

रात्रभर

पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, रक्तदाब, श्वास, छाती आणि पाय. पुढचे सहा तास दर तासाला. मग चार तासांनी. पावणेदहाला रक्तदाब १३८/९४, सव्वादहाला १२४/८२. घाम आधी ओसरला. सव्वाबाराला रक्तदाब ११०/७० होता, आणि इथेच थांबावंसं वाटतं. पण पाय अजून गार होते, पायावरच्या शिरा दिसत नव्हत्या. याचा अर्थ वाहिन्या आवळलेल्याच आहेत, दाबाचा आकडा तेवढा सुधारला आहे. म्हणून त्याच मात्रेचा दुसरा डोस. सव्वातीनला पाय घोट्यापर्यंत कोमट, नाडी ११६, शिश्न बरंचसं सैल. तिसरा डोस. साडेपाचला पावलं कोरडी आणि गरम, पावलावरच्या शिरा फुगून दिसू लागल्या, नाडी १०० च्या खाली, मूल झोपेत. चौथा डोस दिला नाही. प्राझोसिन थांबवायचं ते या खुणांवर: गरम, कोरडे पाय आणि दिसणाऱ्या शिरा. यंत्रावरच्या आकड्यावर नाही.

हेच मूल मध्यरात्री फुप्फुसात पाणी घेऊन आलं असतं तर? मग त्याला आडवं ठेवता येत नाही, टेकवून बसवावं लागतं. ऑक्सिजन, शक्य तर मुखवट्यातून दाबाचा श्वास. रक्तदाब चढलेला असेल तर वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचं किंवा सोडियम नायट्रोप्रुसाइडचं मोजून ठिबक. कोसळलेला असेल तर हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन. हे सारं अतिदक्षता विभागात. १०८ बोलवायची, पण निघण्याआधी काय दिलं, किती वाजता दिलं, ते चिठ्ठीवर लिहून.

काही औषधं सवयीने हातात येतात, ती इथे टाळायची. ॲट्रोपिन: लाळ आणि घाम पाहून द्यावंसं वाटतं, पण ते व्हेगसचा उरलासुरला लगामही काढून घेतं आणि नाडी आणखी पळते. बीटा-रोधक: बीटा ग्राही अडवले की अल्फाचा आवळ एकटाच मोकाट राहतो. निफेडिपिन: दाब उतरतो, पण प्रतिक्रिया म्हणून नाडी वाढते. स्टेरॉईड आणि ॲलर्जीची इंजेक्शनं: ही ॲलर्जी नाही, त्यांचं इथे काम नाही.

नुसत्या दुखण्याचा रुग्ण असेल, तर बर्फाचा शेक, किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि फारच ठणका असेल तर बोटाच्या मुळाशी ॲड्रेनॅलिनविरहित लिग्नोकेन. लिग्नोकेन सोडियमचीच दारं बंद करतं, विषाने जी उघडी धरून ठेवली आहेत तीच, त्यामुळे आराम झटपट पडतो. तरीही अशा रुग्णाला काही तास नजरेखाली ठेवावं. घाम किंवा उलटी सुरू झाली की तो दुसऱ्या पायरीवर गेला.

आपल्या मुलाला सकाळी पेज दिली, दुपारी खाटेवरून उठवून उभं राहून रक्तदाब मोजला, तो १०४/६६ भरला. चोवीस तास पुरे होईपर्यंत ठेवून घेतलं आणि रात्री घरी सोडलं. अंगठ्याला काही दिवस मुंग्या येतील, त्याला काही करायचं नाही. धाप लागली किंवा छातीत धडधडलं तर लगेच परत आणायचं, असं आईला सांगितलं. पेंढा पडवीतून हलवून घरापासून दूर रचायचा, अंधारात विजेरीशिवाय त्यात हात-पाय घालायचा नाही, चपला झटकून घालायच्या, हेही.